सिस्टीममध्ये तसंच येतंय

मी २००४ साली बँकेत चिकटलो, तेव्हा एका जुन्याजाणत्या हेडक्लार्कनी मला पहिल्याच दिवशी गुरुमंत्र दिला होता. गिऱ्हाईक चिडलं, की घड्याळाकडं बघायचं आणि शांतपणे सांगायचं, "साहेब जेवायला गेलेत." या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षं नोकरी रेटली. आमचे साहेब सकाळी साडेदहापासून दुपारी साडेतीनपर्यंत सलग जेवत असत.

पुढं शाखेतली लेजरं गेली, संगणक आले आणि या मंत्राचं महत्त्व ओसरलं. आता नवं वाक्य आलंय. "सिस्टीममध्ये तसंच येतंय." व्याज कमी आलं? सिस्टीममध्ये तसंच येतंय. नावात 'कुलकर्णी'चं 'कुलकणी' झालंय? सिस्टीममध्ये तसंच येतंय. तुम्ही म्हणाल, दोन्ही थापाच, फरक काय? फरक आहे. साहेब कधी ना कधी हात पुसत परत येत असत. सिस्टीम कुठं जात नाही, त्यामुळं ती परत यायचाही प्रश्न नसतो.

हे वाक्य मी स्वतः किती वेळा उच्चारलं असेल याचा हिशेब नाही. पण २०२३ साली ते माझ्या घशात अडकलं. काउंटरवर एक आजी आल्या. वय बहात्तर, हातात कापडी पिशवी, पिशवीत शाळकरी वही. त्यांची दोन लाखांची मुदत ठेव वर्षाची मुदत संपून पक्की झाली होती. तेव्हा आमच्याकडं साधा दर साडेसहा टक्के आणि ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जास्त, म्हणजे सात. आजींनी वहीत पेन्सिलीनं तिमाही चक्रवाढीचा हिशेब मांडला होता आणि उत्तर काढलं होतं १४,३७२ रुपये. खात्यावर पडले होते १३,३२०.

"बाळ, माझं गणित कुठं चुकलं ते दाखवतोस का?" त्या म्हणाल्या.

मी बी.कॉम. माणूस. गणित तपासलं. चूक आजींची नव्हती, १,०५२ रुपयांना चूक आमची होती. तरी सवयीनं तोंडातून निघून गेलंच, "आजी, सिस्टीममध्ये तसंच येतंय." त्यावर त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या वहीकडं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग माझंच काहीतरी राहून गेलं असेल." बरोबर उत्तर काढणाऱ्या माणसाला स्वतःच्या उत्तराची लाज वाटायला लावणं, हे काम आम्ही आता संगणकाकडून करून घेतो.

योगायोग असा, की पुढच्याच महिन्यात मला मुख्य कार्यालयाच्या संगणक विभागात टेस्टिंगला धाडलं. शाखेतल्या एका माणसानं नवे प्रोग्रॅम वापरून पाहायचे आणि 'चालतंय' म्हणून सही करायची, असं ते काम. सही करण्यात माझा हात कोण धरणार? पण जाताना आजींच्या हिशेबाची झेरॉक्स खिशात ठेवली होती.

तिथं प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कंपनीचा एक चष्मेवाला पोरगा होता. त्याला म्हटलं, "व्याजाचा दर ठरवणारा भाग दाखव." त्यानं दाखवला. एकच फंक्शन, ६४० ओळी. छापून घेतलं तर चौदा पानं. जर असं असेल तर, त्यातही तसं असेल तर, त्याच्याही पोटात पुन्हा जर. ओळी डावीकडून उजवीकडं सरकत सरकत अशा गेल्या होत्या, की शेवटच्या ओळी वाचायला खुर्ची सरकवावी लागली.

"हे कोणी लिहिलं?"

"बऱ्याच जणांनी, सर. पहिला आता कॅनडात असतो."

"आणि हे समजतं कोणाला?"

"कोणालाच नाही," पोरगा म्हणाला. कसं म्हणाला सांगू? अभिमानानं! आपल्या आळीत एक विहीर आहे आणि तिचा तळ कुणालाच लागलेला नाही, हे सांगताना गावकऱ्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते त्याच्या चेहऱ्यावर होतं.

माझं भांडण इथून सुरू होतं. आपल्याकडं न समजणाऱ्या गोष्टीला हुशारी म्हणायची एक जुनी खोड आहे. व्याख्यान डोक्यावरून गेलं की वक्ता विद्वान. चिठ्ठी केमिस्टखेरीज कोणाला लागत नसेल तर डॉक्टर मोठा. पण खातेवही न समजणारी लिहिली, तर त्या कारकुनाला आम्ही विद्वान म्हणत नाही, त्याची चौकशी लावतो.

लुका पाचोली नावाच्या इटालियन गृहस्थानं १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची पद्धत मांडली. तेव्हापासून आम्हा कॉमर्सवाल्यांच्या धंद्याचा पाया हा, की जमाखर्च लिहिणाऱ्यासाठी नसतो, तपासणाऱ्यासाठी असतो. मी आज मेलो, तर उद्या माझ्या खुर्चीवर बसणाऱ्याला माझी वही लागली पाहिजे. आमच्याकडं एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासून मंजूर करायची, असा दंडक आहे. मग सगळा जमाखर्च ज्याच्या पोटात गेला, त्या प्रोग्रॅमला हा दंडक नको? जी वस्तू वाचता येत नाही ती तपासली, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

रंगराजन समितीनं बँकांच्या यांत्रिकीकरणावर १९८४ साली अहवाल दिला. त्या काळच्या जुन्या मंडळींना धास्ती होती, की संगणक आपली नोकरी खाणार. नोकरी काही खाल्ली नाही, निदान माझी तरी नाही. समज मात्र खाल्ली. व्याज का लागलं हे पूर्वी काउंटरवरचा माणूस सांगू शकत असे. आता ते ६४० ओळींत आहे आणि त्या ओळींचा जाणकार कॅनडात आहे.

पोरगा म्हणाला, "सर, कॉम्प्लेक्सिटी सत्त्याऐंशी आहे याची."

मला वाटलं ताप सांगतोय. पण ते मोजायचं खरंच एक माप आहे. टॉमस मॅकेब नावाच्या गृहस्थानं १९७६ साली ते एका निबंधात मांडलं. नाव भारदस्त आहे, सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी. हिशेब मात्र आमच्या घरातला आहे. रविवारी सकाळी आमच्या सौ. पिशवी हातात देताना म्हणतात:

"मेथी मिळाली तर आणा. नाही मिळाली तर पालक, पण पालक पिवळा असला तर चवळी. कोथिंबिरीची जुडी दहाला असली तर दोन, नाहीतर एकच. वाटेत वन्सं भेटल्या तर आपला डबा मागून घ्या, मात्र त्यांच्याबरोबर त्यांच्या सासूबाई असतील तर डब्याचं नावही काढू नका."

यात 'तर' ठरवणाऱ्या जागा मोजा. मेथी, पालक, जुडी, वन्सं, सासूबाई. पाच. त्यात एक मिळवा, कारण एकही अट नसली तरी मंडईपर्यंतचा एक सरळ रस्ता असतोच. झाले सहा. ही सौं.ची सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी. अर्थ असा, की ही आज्ञा नीट पाळली जाते की नाही हे बघायचं, तर निदान सहा वेगवेगळ्या रविवारी मला मंडईत पाठवून पाहिलं पाहिजे. (सौ. गेली सतरा वर्षं पाठवताहेत. निकाल अजून नापासच आहे.)

मॅकेबनं सुचवलं, की एका फंक्शनचा आकडा दहाच्या आत ठेवावा. दहाच का, यावर विद्वान भांडतात. कोणी पंधराही चालवून घेतात. पण सत्त्याऐंशी? सहाला मी चवळीऐवजी कोबी घेऊन घरी येतो. सत्त्याऐंशीला त्या कोडचं काय होत असेल!

आता याला नेहमीचे आक्षेप आहेत, आणि ते सगळे मला त्या विभागात चहाच्या टेबलावर ऐकवले गेले.

पहिला आक्षेप: यंत्राला कळलं म्हणजे झालं, माणसाला कळायची गरज काय? अहो, यंत्राला काहीच कळत नसतं. ते सांगितलं तसं करतं, चुकीचं सांगितलं तर चुकीचं करतं, आणि विजेच्या वेगानं करतं. २०१४ साली अॅपलसारख्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा लागोपाठ पडली. पहिली अटीखाली होती, दुसरी बिनअटीची. त्यामुळं पुढची तपासणी वगळून सुरक्षित जोडणीची खातरजमा 'झाली' म्हणून पुढं जाऊ लागली. यंत्रानं कुरकुर केली नाही. 'गोटू' वापरू नका, असं एट्स्खर डाइक्स्ट्रा १९६८ सालीच सांगून बसले होते. वाचणाऱ्याला रस्ता सापडत नाही, हीच त्यांची तक्रार होती.

दुसरा आक्षेप: चालतंय ना, मग हात कशाला लावा? हा आक्षेप आम्हा बँकवाल्यांच्या फार आवडीचा. पण १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाच्या शेअर दलाली कंपनीत काय झालं ते ऐका. त्यांच्या प्रोग्रॅममध्ये २००३ पासून न वापरलेला एक तुकडा तसाच पडून होता. नव्या कामासाठी त्याचीच जुनी खूण पुन्हा वापरली. आठपैकी सात यंत्रांवर नवा प्रोग्रॅम चढवला, आठव्यावर चढवायचा राहिला. सकाळी बाजार उघडताच आठव्या यंत्रातला तो मेलेला तुकडा जिवंत झाला आणि भसाभस सौदे करू लागला. पाऊण तासात चव्वेचाळीस कोटी डॉलरच्या वर खड्डा. आमच्याकडं बचत खात्यावर दोन वर्षं व्यवहार झाला नाही, तर ते निष्क्रिय म्हणून बाजूला काढतात आणि पुन्हा चालू करायचं तर गिऱ्हाइकाला ओळख पटवायला लावतात. म्हाताऱ्या माणसाच्या पाच हजारांना आम्ही एवढं घाबरतो. पण नऊ वर्षं निपचित पडलेल्या कोडला कोणी विचारलं नाही, की बाबा तू कोण.

तिसरा आक्षेप, हा त्यातल्या त्यात खरा: बँकेचे नियमच किचकट आहेत, त्याला प्रोग्रॅम काय करणार? मान्य. फ्रेड ब्रूक्स यांनी १९८६ साली हा भेद छान मांडला. काही गुंता कामाच्या पोटातच असतो, तो जात नाही. काही आपण वरून आणून घातलेला असतो, तो काढता येतो. पण मी त्या चौदा पानांवर पेन्सिल घेऊन बसलो. बँकेचा मूळ नियम दीड पानात मावला. उरलेली साडेबारा पानं आमची स्वकष्टार्जित होती.

आजींचे १,०५२ रुपये अकराव्या दिवशी सापडले. सात 'जर'च्या पोटात, अगदी तळाशी. ठेव आजोबांच्या आणि आजींच्या नावानं होती. आजोबा गेले, आजींचं नाव पहिलं झालं, मग ठेवीचं आपोआप नूतनीकरण झालं. आणि वय विचारणारी ओळ कोणीतरी 'पहिला ठेवीदार तोच असेल तर' या अटीच्या आत ढकलून ठेवली होती. म्हणजे नवरा गेलेल्या बाईला आमचा प्रोग्रॅम वयच विचारत नव्हता. हे कोणी मुद्दाम केलं नव्हतं. मुद्दाम केलेलं सापडतं, कारण करणाऱ्याला ते माहीत असतं. हे कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून इतकी वर्षं टिकलं. आणि अशा बायका एकच नसणार, हे सांगायला बी.कॉम. कशाला लागतं?

मी साहेबांना टिपण दिलं. साहेब खडबडून जागे झाले आणि त्यांनी जे करायचं तेच केलं: परिपत्रक काढलं. 'कोणत्याही फंक्शनची कॉम्प्लेक्सिटी १० पेक्षा जास्त असता कामा नये.' सोमवारी परिपत्रक निघालं, शुक्रवारी सगळं कोड दहाच्या आत! मी थक्क झालो. उघडून पाहिलं, तर त्या एका फंक्शनची तेरा फंक्शनं केली होती. नावं: व्याज_१, व्याज_२, व्याज_३… व्याज_१३. पहिलं दुसऱ्याला बोलावतं, दुसरं पाचव्याला, पाचवं परत तिसऱ्याला. पूर्वी गुंता एका खोलीत होता, आता तेरा खोल्यांत पसरला.

मला यात नवल वाटायचं कारण नव्हतं. पन्नास हजारांवर रोख भरली की पॅन नंबर मागायचा असा नियम आला, तेव्हा माझ्या काउंटरवर एकोणपन्नास हजारवाल्यांची रांग लागली होती. चार्ल्स गुडहार्ट हे बँक ऑफ इंग्लंडमधले अर्थतज्ज्ञ, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. त्यांनी १९७५ सालीच लिहून ठेवलंय, की एखाद्या मापावर हुकमत चालवायला गेलं की त्या मापाचा भरवसा उडतो. ताप उतरवायचा हुकूम दिला, की माणसं थर्मामीटर पाण्यात बुडवतात.

शिवाय माप स्वतःही पांगळं आहे. बारा महिन्यांची बारा नावं सांगणारं साधं फंक्शन घ्या, दुसरीतलं पोरही वाचेल. मॅकेबच्या हिशेबानं ते दहाच्या वर जातं. उलट चार 'जर' एकाखाली एक लिहिले काय किंवा एकाच्या पोटात एक कोंबले काय, दोन्हींचा आकडा पाचच. म्हणून सोनारसोर्स या कंपनीनं पुढं 'कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी' असं दुसरं माप काढलं. त्यात पोटात शिरेल तसा दंड वाढतो: एकाखाली एक चार 'जर' म्हणजे चार, पोटातले चार म्हणजे एक अधिक दोन अधिक तीन अधिक चार, दहा. हे माझ्या डोक्याला पटतं. वन्संशी बोलणं अवघड नाही, त्यांच्या सासूबाई सोबत असताना बोलणं अवघड.

तेव्हा मोजा, जरूर मोजा. मोजल्याशिवाय सत्त्याऐंशी कळले नसते. पण आकडा म्हणजे हॉलमधल्या मच्छराचा आवाज. तो ऐकून उठायचं असतं. कानात बोळे घालून 'आवाज बंद झाला' म्हणायचं नसतं.

मग गुंता सुटतो कसा? आमच्या आईकडून शिका. आहेराच्या बाबतीत जगातला सर्वांत किचकट कायदा मराठी घरांत आहे. त्यांनी आपल्या मुंजीत काय दिलं, सख्खे की चुलत, बोलावणं पत्रिकेनं की समक्ष. हे सगळं 'जर–तर'मध्ये ठेवलं असतं तर आई वेडी झाली असती. तिनं एक वही केली. एका रकान्यात नाव, दुसऱ्यात त्यांनी दिलेलं, तिसऱ्यात आपण द्यायचं. कार्य आलं की वही उघडायची, बोट फिरवायचं, पाकीट भरायचं. 'जर' एकही नाही.

मी चष्मेवाल्याला हेच सांगितलं. व्याजाचे दर आपण शाखेच्या भिंतीवर तक्त्यात लावतो ना, मग प्रोग्रॅममध्येही तक्ताच ठेव. मुदत, साधा दर, ज्येष्ठांचा दर. ज्यांना व्याज द्यायचंच नाही त्यांना दारातच नकार देऊन वाटेला लाव, घरात घेऊन सात खोल्या फिरवू नकोस. आणि फंक्शनला 'व्याज_७' म्हणू नकोस. काय करतं ते नावात लिही. त्यानं 'ज्येष्ठ नागरिक आहे का' या नावाचं पाच ओळींचं एक फंक्शन लिहिलं: नूतनीकरणाच्या दिवशी जो पहिला ठेवीदार, त्याचं वय साठ पूर्ण आहे का? बस. बाकीचं निपचित पडलेलं सामान काढून टाकलं. सगळ्यात मोठा आकडा सहा आला. म्हणजे आमच्या सौ.एवढाच.

पोरगा ते वाचून जरा हिरमुसला. म्हणाला, "सर, आता हे कोणालाही कळेल."

"अरे, शाबास!" मी म्हटलं. त्याला ती शाबासकी वाटली नाही. अजून लहान आहे. मोडीत झरझर लिहिणाऱ्या कारकुनांनाही असाच गर्व असेल. पण मोडी निदान शिकवणारे होते, एकाची दुसऱ्याला लागत होती. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात गठ्ठ्यांवर गठ्ठे आहेत आणि वाचणारे हाताच्या बोटांवर. ते व्हायला काही पिढ्या जाव्या लागल्या. आम्ही कॅनडाच्या एका विमानात ते साधलं.

टेस्टिंग संपवून मी शाखेत परतलो. आजींच्या खात्यावर १,०५२ रुपये जमा झाले, आणि त्यांच्यासारख्या इतरांचेही झाले. आजी वही घेऊन आल्या. पैसे मिळाल्याचा आनंद होताच. पण त्यांना हवं होतं ते दुसरंच. "चुकलं कुठं होतं?" त्यांनी विचारलं. मी पैसे भरायच्या स्लिपच्या पाठीवर त्या पाच ओळी मराठीत लिहून दिल्या. त्यांनी चष्मा वर-खाली करत दोनदा वाचल्या, पेन्सिलीनं वहीत उतरवून घेतल्या आणि मान हलवली.

"इतकं सोपं आहे होय? मग पहिल्यांदाच असं लिहायला काय झालं होतं?"

मला उत्तर सुचेना. साहेब जेवायला गेलेत, असं सांगून वेळ मारून न्यावी, असं क्षणभर वाटलं. पण घड्याळात साडेदहाच वाजले होते, आणि आजींना घड्याळ वाचता येत होतं.